गिळलेली ओळ

वेन्डेल ऑर्कट तोंडात घास असताना बोलायचा. सकाळी साडेनऊला त्याचं पोर्क रोल आणि अंड्याचं सँडविच यायचं. ते हातात धरून तो माझ्या टेबलाशी उभा राहायचा आणि कालच्या पानात कुठे काय बदलायचं ते सांगायचा. वितळलेलं चीज अंगठ्यावरून मनगटाकडे ओघळायचं, ते तो चाटून टाकायचा. सात वर्षं मी हे पाहिलं. किळस यायची, पण माणूस हुशार होता आणि हुशार माणसांना असलं काही माफ असतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

ही गोष्ट न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रातली, एकोणीसशे ऐंशी सालातली. मी ग्रेटा हलुष्का, पसेइकच्या स्लोव्हाक गिरणी कामगारांची मुलगी. नवरा वारल्यावर टायपिस्ट म्हणून तिथे लागले, तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. ऑर्कट तिथल्या प्रोग्रामरांचा मुख्य. आमचं यंत्र युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालायचं, आणि त्याला जेवढ्या आज्ञा कळत त्या प्रत्येकीचं एक माहितीपान असायचं. टर्मिनलवर ‘मॅन’ टाइप करून पुढे आज्ञेचं नाव घातलं की पान समोर हजर: ही आज्ञा काय करते, ती कशी द्यायची, कशाला जपायचं. बाहेरून आलेल्या आज्ञांची पानं तयारच मिळत. आमच्याच केंद्रात लिहिलेल्या चाळीसेक आज्ञा होत्या, त्यांची पानं ऑर्कट पिवळ्या कागदावर पेन्सिलीने लिहायचा आणि मी ती यंत्रात घालायची.

काम मला आवडायचं, हे खोटं कशाला बोलू. पान दिसतं तसं ते लिहिलेलं नसतं. साध्या मजकुराच्या अधूनमधून टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी घालायच्या. टिंबाची ओळ वाचकासाठी नसते, ती यंत्राला हुकूम असते: इथे मथळा घे, इथे परिच्छेद तोड, हा शब्द ठळक कर. मग यंत्र ओळी जुळवतं, कडा सारख्या करतं आणि पान बाहेर काढतं. आमच्या जुन्या छापणाऱ्या टर्मिनलवर ठळक अक्षर म्हणजे मागे सरकून तेच अक्षर पुन्हा ठोकायचं. अधोरेखित म्हणजे आधी रेघ, मग मागे येऊन तिच्यावर अक्षर. कागदावर ते छान उठायचं. पुढे काचेचे पडदे आले, तिथे एका जागी एकच अक्षर मावतं, दुसरं आलं की पहिलं पुसलं जातं. कुठे क्रम उलटा पडला की शब्दाच्या जागी नुसत्या रेघा दिसायच्या. म्हणून मी प्रत्येक पान कागदावर आणि पडद्यावर, दोन्हीकडे तपासायची. सुबक दिसतंय ना, एवढं बघायची. वाचायची नाही. हा फरक मला फार उशिरा कळला.

त्या वर्षी फेब्रुवारीत यंत्राच्या डिस्क भरत आल्या. ऑर्कटने ‘स्वीप’ नावाची एक आज्ञा लिहिली. ती दिली की तुमच्या कप्प्यातल्या, वर्षभरात कुणी हात न लावलेल्या सगळ्या फायली साफ. एखादा कप्पा वाचवायचा असेल तर त्यात ‘.कीप’ नावाची रिकामी फाइल आधी ठेवायची. फायलीच्या नावाच्या सुरुवातीलाच टिंब. पिवळ्या कागदावर ऑर्कटने लिहिलं होतं की ही आज्ञा निरुपयोगी तात्पुरत्या फायली काढून टाकते. पुढचं वाक्य असं होतं: ‘.कीप ही फाइल ज्या कप्प्यात नसेल त्यातलं वर्षाहून जुनं सगळं कायमचं नष्ट होईल.’ आणि शेवटी, काम झाल्यावर किती फायली गेल्या तो आकडा पडद्यावर येतो.

आमच्याकडे एक नियम होता, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करायचं. त्याने दुरुस्ती सोपी जाते, आणि ओळी जोडायचं काम यंत्र करतंच. मी नियमाने टाइप केलं. ‘.कीप’ नव्या ओळीच्या अगदी सुरुवातीला आलं. यंत्राने टिंब पाहिलं आणि तो हुकूम आहे असं धरलं. असा हुकूम त्याला माहीत नव्हता. माहीत नसलेल्या हुकमाची ते तक्रार करत नाही, सबंध ओळ गिळतं आणि पुढे जातं. पान सुबक निघालं. खाली तारीख पडली, चार मार्च. मी भोकं पाडून प्रती फायलींत लावल्या आणि जेवायला गेले.

मार्चच्या मध्याला सगळ्या विभागांना पत्रक गेलं: पान वाचा आणि स्वीप चालवा. बहुतेकांचं काही बिघडलं नाही. रसायनशास्त्राच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या जुन्या प्रश्नपत्रिका गेल्या, तर त्याला उलट बरंच वाटलं.

रोवेना टिल्टन दक्षिणेला डेलावेअर बे या खाडीच्या काठावरच्या आमच्या विद्यापीठाच्या संशोधन स्टेशनवर काम करायची. खाडीतली कालवं का मरतात ते ती शोधत होती. सहा वर्षं कालवंवाल्यांच्या होड्यांवरून जायचं, ठरलेल्या सत्तर जागी जाळं ओढायचं आणि वर आलेली कालवं एकेक करून मोजायची. जिवंत किती, मेलेली किती, उघडी किती, आत चिखल की मांस. हिवाळ्यात ती अडीच तास गाडी चालवून आमच्याकडे यायची आणि आकडे यंत्रात घालायची. उंच, खांद्याने रुंद, हाताला भेगा पडलेल्या. कुणाशी फार बोलत नसे. माझ्या पानांची छापील प्रत मागून घेणारी सगळ्या विद्यापीठात ती एकटीच होती. घेऊन वाचायची, आणि फायलीला लावायची.

एकवीस मार्चला तिने स्वीपचं पान छापून घेतलं, वाचलं आणि आज्ञा दिली. दोनशे बारा असा आकडा आला. वहीत तिने नोंद केली, ‘दोनशे बारा तात्पुरत्या फायली गेल्या,’ आणि ती खाडीवर परतली. पाच वर्षांची मोजणी त्या दोनशे बारांत होती. जुन्या वर्षांच्या फायली एकदा तपासून झाल्यावर तिला त्यांना हात लावायचं कारणच नव्हतं. जूनमध्ये ती अहवाल लिहायला आली तेव्हा कप्पे रिकामे सापडले. आमच्या राखीव टेपा आठ आठवड्यांनी पुसून पुन्हा वापरत, त्यामुळे टेपांवरही काही नव्हतं.

ती ऑर्कटकडे आली तेव्हा मी तिथेच होते. त्याने विचारलं, पान वाचलं होतं का. ती हो म्हणाली. मग .कीप का ठेवली नाही, असं त्याने विचारल्यावर ती गोंधळून म्हणाली, ते काय असतं? तो मागे वळून दोघा प्रोग्रामरांकडे बघत हसला. रोवेनाने फाइल उघडून आपलं पान त्याच्यासमोर धरलं. ऑर्कटने ते वाचलं. त्याचं चावणं थांबलं. हे माझ्याकडे ठेवून जा, तो म्हणाला. तिने नकार दिला.

ती गेल्यावर मी पडद्यावर पान काढलं. ओळ नव्हती. खणातून पिवळा कागद काढला, त्यावर होती. यंत्रातला मूळ मजकूर उघडला, तिथेही होती, टिंबासकट, ओळीच्या सुरुवातीला, माझ्या हातची. तशीच ऑर्कटच्या खोलीत गेले आणि सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मी बघतो, तू कुणाशी बोलू नकोस, असं म्हणाला. मला सुटल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की जास्त किळस त्याच सुटकेची येते.

डीनने चौकशी समिती नेमली. सरकारी अनुदानावरचं काम बुडालं होतं, कुणाला तरी जबाबदार धरणं भाग होतं. समितीच्या आदल्या दिवशी दुपारी मी केंद्राच्या वाचनकक्षात गेले, तर ऑर्कट तिथल्या टेबलाशी भोकं पाडायचं यंत्र घेऊन बसला होता. पुढ्यात माहितीपानांची जाडी फाइल. जुनं पान काढून घडी करून तो खिशात घालत होता आणि त्या जागी नवं लावत होता. मी जवळ जाऊन पाहिलं. ते स्वीपचं पान होतं, आणि त्यात ती ओळ होती. टिंबाच्या आधी छापल्यावर दिसत नाहीत अशी दोन अक्षरं घातली की यंत्र ओळीला हुकूम समजत नाही. तेवढंच त्याने केलं होतं. खालची तारीख हाताने लिहावी लागते. ती त्याने चार मार्चच ठेवली होती.

“तारीख बदलायला हवी ना,” मी म्हणाले.

“कशाला? मजकूर तोच आहे. मी लिहिला तोच.”

“पण तिला तो दिसला नाही, मिस्टर ऑर्कट.”

त्याने फाइल मिटली. “ग्रेटा, टाइप कुणी केलं होतं? उद्या त्यांनी विचारलं तर मी काय सांगू? आमच्या बाईंनी पाच वर्षांचं काम एका टिंबात घालवलं म्हणून सांगू? या वयात तुला दुसरीकडे कोण घेणार? मी तुलाच वाचवतोय.” मग माझ्या दंडावर थोपटून म्हणाला, “तू आपली छान पानं काढ.”

त्याचा हात तेलकट होता. बाहीवर बोटांचा डाग पडला. घरी गेल्यावर मी तो ब्लाउज धुतला, आणि मग पुन्हा एकदा धुतला.

समितीचं इतिवृत्त लघुलिपीत घ्यायला मलाच बसवलं. लांब टेबल, पाच माणसं, मध्ये डीन लॅथ्रॉप, मृदू आवाजाचा पांढऱ्या केसांचा गृहस्थ. ऑर्कटने आपलं पान पुढे सरकवलं. मी पानं लिहू शकतो, लोकांच्या वतीने वाचू शकत नाही, असं तो म्हणाला. दोघेतिघे हसले. मी ते वाक्य लिहून घेतलं. मग रोवेनाने आपलं पान काढलं. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली गेली. तोच मथळा, तीच तारीख, फक्त एका पानात एक वाक्य कमी. वाचनकक्षातली फाइल आणवली, त्यातलं पान ऑर्कटच्या पानासारखं निघालं. यंत्रावर पाहून यायला एकाला पाठवलं, तोही तेच सांगत आला.

डीनने चष्मा काढला. आवाज अजिबात न चढवता त्याने विचारलं, “मिस टिल्टन, तुमच्या स्टेशनवर टाइपरायटर आहे का?”

काय विचारलं जातंय ते तिला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा ती गळ्यापर्यंत लाल झाली. “आहे,” ती म्हणाली. “पण मी कालवं मोजते. कागद बनवत नाही.”

माझी पेन्सिल चालू होती. तोंड उघडायला एवढी मोठी जागा होती आणि मी खाली मान घालून लिहीत होते. संध्याकाळी ते सगळं स्वच्छ टाइप करून दिलं. समितीने ठपका ठेवला: निष्काळजीपणा, आणि सादर केलेल्या कागदाच्या खरेपणाबद्दल शंका. जूनअखेर तिचा करार संपत होता, तो वाढवायचा नाही असं ठरलं.

चार दिवस मला अन्न गेलं नाही. केंद्रातला कॉफीचा वाससुद्धा नको व्हायचा. रविवारी चर्चला गेले, कबुलीसाठी रांगेत उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर बाहेर पडले. पाद्र्याला सांगून मोकळं होणं मला त्या वेळी घाणेरडं वाटलं. ज्या बाईचं नुकसान केलं ती राहिली बाजूलाच. सोमवारी सकाळी केंद्रात जाऊन स्वीपच्या मूळ मजकुराची नोंद छापून घेतली. फाइल शेवटची कधी बदलली ती तारीख यंत्र स्वतः ठेवतं: पंचवीस जून. ऑर्कटला ती पुसता आली असती. त्याला गरजच वाटली नसावी, इतका तो आम्हा सगळ्यांना ओळखून होता. कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातही आमच्या पानांची एक प्रत असते. तिथून मी जुनं, ओळ नसलेलं पान रजिस्टरात सही करून घेतलं. पिवळा कागद माझ्याकडे होताच. आजारपणाची रजा टाकली आणि गाडी दक्षिणेला काढली.

ओहोटी होती. स्टेशनच्या मागे घराएवढ्या उंचीचा शिंपल्यांचा ढीग, त्यावर माश्या, आणि सगळीकडे कुजक्या चिखलाची घाण. रोवेना गुडघाभर रबरी बूट घालून शेडमध्ये बसली होती. पुढ्यात होडीवर मोजणी टिपायच्या वह्या. आकडे यंत्रात घातल्यावर या वह्या शेडच्या कोपऱ्यात टाकल्या जात. खारं पाणी, कालवांचा रस, उंदीर. पानं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होत चालला होता. ती कालवं उघडायच्या सुरीने एकेक पान सोडवत होती. पानांमधून पिवळा चिकट द्रव निघायचा, तो ती फडक्याने टिपायची. मला उमासा आला. तिने मान वर करून पाहिलं आणि पुढचं पान सोडवायला घेतलं.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टिंब, नियम, पिवळा कागद, वाचनकक्ष. ती सुरी हातात धरून ऐकत होती.

“समितीसमोर कोपऱ्यात बसून लिहीत होतात, त्या तुम्हीच ना?”

“हो.”

“तेव्हा हे माहीत होतं?”

“होतं.”

ती उठली, बाहेरच्या हातपंपावर गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. मी दारात उभी. परत आली तेव्हा मी माफी मागायला लागले.

“ते राहू द्या,” ती म्हणाली. “बोललेलं मला काही उपयोगाचं नाही. टाइप करून द्या आणि खाली सही करा.”

डीनने विचारलेला टाइपरायटर आतल्या खोलीत होता. त्यावर मी दोन पानी निवेदन टाइप केलं, त्यात मी गप्प बसले होते हेही घातलं, आणि सगळे कागद जोडून पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कागदाच्या खरेपणाबद्दलची शंका समिती मागे घेत आहे, एवढं एक वाक्य. माफीचा शब्द नाही. करार संपलेला होता, त्यावर पुन्हा विचार होणार नव्हता. ऑर्कटला समितीने बोलावलं होतं. त्याने सांगितलं की चूक टायपिंगची होती, एका विधवा बाईची नोकरी जाऊ नये म्हणून आपण ती गुपचूप दुरुस्त केली, त्याबद्दल दिलगीर आहोत. ते त्यांना पटलं, आवडलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लेखा विभागातली एक बाई मला मुद्दाम येऊन म्हणाली, “नशीबवान आहेस, ग्रेटा. असा साहेब कुणाला मिळतो?” ती खरंच हळवी झाली होती. पुढच्या वर्षी ऑर्कट पश्चिमेकडच्या एका केंद्राचा संचालक होऊन गेला. निरोपाला केक कापला असं ऐकलं.

मी तोवर नोकरी सोडली होती. जायच्या आधी दोन आठवडे बसून आमची चाळीसही पानं मूळ मजकुराशी ताडून पाहिली, प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर बोटाने दाखवत. आणखी दोन ओळी गिळलेल्या सापडल्या. एक बिनमहत्त्वाची होती. दुसरीत फाइल परत कशी मिळवायची ते सांगितलेलं होतं, आणि तीन वर्षं ते कुणालाच दिसलं नव्हतं. दोन्ही नीट केल्या, खाली खरी तारीख घातली.

रोवेनाला खाडीवरच्या कालवंवाल्यांच्या संघाने ठेवून घेतलं. त्यांना आकडे हवे होते, कागद कुणी बनवला याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांच्या ऑफिसात आकडे कार्डांवर भोकांनी उमटवणारं जुनं पंचिंग यंत्र होतं. ऑगस्टपासून दर शनिवारी मी गाडीने जायची. ती वहीचं पान सोडवून आकडे वाचायची, मी टाइप करायची. सत्तावीस जिवंत, एकोणीस मेलेली, चार उघडी, चिखल. वास केसांत बसायचा. दोघींनी तोंडावर फडकं बांधलेलं, त्यामुळे बोलणं तसंही कमीच. दुपारी ती स्वतःचं सँडविच खायची, मी गाडीत बसून माझं.

पाच वर्षांपैकी अडीच वर्षांचे आकडे हाती लागले. एका सालच्या वह्या किडे झाले म्हणून कुणीतरी वसंतात जाळून टाकल्या होत्या. उरलेल्यांत शाई वाहून गेली होती, पान उजेडाकडे धरलं तरी नुसते निळे डाग. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी शेवटची वही संपली. तिने ती मिटली आणि बादलीत टाकली.

“पुढच्या शनिवारी येऊ नका,” ती म्हणाली.

मी कोट चढवला. दारापर्यंत गेल्यावर मला वाटलं ती आणखी काही बोलेल, म्हणून क्षणभर थांबले. ती टेबल पुसत होती, कडेपासून कडेपर्यंत, मग पुन्हा कडेपासून. मी गाडी सुरू केली आणि सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून घरी आले.